तासाला एक सेंटिमीटर

फ्रेंच आल्प्समध्ये पायवाटेच्या फाट्यावरची पाटी बहुतेक वेळा अंतराऐवजी वेळ सांगते. अमुक खिंड दोन तास चाळीस मिनिटे, तमुक गाव पावणेचार तास. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे लगेच पटेल, कारण घाट चढताना किलोमीटर विचारून काहीच कळत नाही, चढ किती ते विचारावे लागते. मध्यम चालीच्या माणसासाठी तिथे एक ढोबळ हिशोब धरतात. सपाटीवर तासाला चार किलोमीटर आणि चढावर तासाला तीनशे मीटर उंची. एवढे दोन आकडे खिशात टाकून माँ ब्लां पर्वताभोवती फिरायला निघाले, की डोके चक्रावून जाते.

या पर्वताची पायी प्रदक्षिणा घालता येते. शामोनीजवळच्या लेझ ऊश गावातून निघायचे, इटलीत उतरायचे, स्वित्झर्लंडमधून वळसा घ्यायचा आणि पुन्हा फ्रान्समध्ये यायचे. वाट सुमारे १७० किलोमीटरची, आणि वाटेत चढावी लागणारी एकूण उंची सुमारे १०,००० मीटर. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. समुद्रकिनाऱ्यावरून निघून ते सहा वेळा चढले तरी दहा हजारांना थोडे कमीच पडतात. तासाला तीनशे मीटर धरले तर नुसत्या चढाला तेहतीस तास लागतात. उतार आणि सपाटी वेगळीच. लोक ही प्रदक्षिणा साधारण दहा दिवसांत पुरी करतात. या वाटेवर २००३पासून दरवर्षी धावण्याची शर्यत होते. पहिल्या वर्षी ती नेपाळच्या दावा शेर्पाने जिंकली. अमेरिकेचा जिम वॉम्स्ली २०२३मध्ये वीस तासांच्या आत धावून परत आला. दहा हजार मीटरचा चढ आणि तेवढाच उतार, रात्रभर, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात. माणसाचे शरीर हे करू शकते यावर माझा अजून नीट विश्वास बसत नाही.

यंत्रांची गोष्ट थोडक्यात सांगतो. शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे. तिथून १९५५ साली सुरू झालेला रोपवे एग्वी द्यू मिदी या सुळक्यावर जातो. वरचा सज्जा ३,८४२ मीटरवर. पायी नऊ तासांहून अधिक चढ झाला असता, तो वीस मिनिटांत होतो. म्हणूनच वर पाऊल ठेवताच दम लागतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही कमी असतो आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. त्याच सुळक्याच्या पोटातून ११.६ किलोमीटरचा मोटारींचा बोगदा १९६५पासून इटलीत जातो. बोगद्यातल्या मोटारीच्या डोक्यावर एका ठिकाणी जवळपास अडीच किलोमीटर जाडीचा खडक असतो.

पण या डोंगरावर चालणारा सगळ्यात चिवट प्रवासी माणूसही नाही आणि यंत्रही नाही. तो बर्फ आहे.

माँ ब्लांच्या उतारांवर पडलेले हिम वर्षानुवर्षे दाबले जाते, त्याचा निळसर, घट्ट बर्फ बनतो आणि स्वतःच्या वजनाने खाली सरकू लागतो. मेर द ग्लास ही इथली सर्वांत प्रसिद्ध हिमनदी. मोंतांव्हेर या ठिकाणाजवळ तिचा वेग वर्षाला साधारण ९० मीटर मानला जात आला आहे. म्हणजे तासाला एक सेंटिमीटर. बर्फाला एक वर्ष लागते ते अंतर चालणारा माणूस दीड मिनिटाच्या आत कापतो. तुम्ही दहा दिवसांत प्रदक्षिणा संपवून आलात, तेवढ्यात बर्फ अडीच मीटर पुढे गेला. वॉम्स्लीची शर्यत संपेपर्यंत तो वीतभर सरकला. आणि हाच बर्फ १७० किलोमीटरची वाट याच चालीने चालला असता, तर त्याला सुमारे १,८९० वर्षे लागली असती. आज लेझ ऊशला पोचायचे तर त्याला इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, नाणेघाटातून सातवाहनांच्या काळचे व्यापारी तांडे ये-जा करत होते तेव्हा, निघावे लागले असते.

हा वेग कळला तो हरवलेल्या वस्तूंमुळे. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६०मध्ये माँ ब्लांची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. शिखरावर माणूस पोचायला सव्वीस वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार आणि जाक बाल्मा वर गेले, आणि पुढच्या वर्षी स्वतः सोस्यूरही. १७८८मध्ये सोस्यूर दोन आठवड्यांहून अधिक काळ एका उंच खिंडीत तळ ठोकून राहिले. त्या मोहिमेत बर्फावर टाकून दिलेल्या एका शिडीचे तुकडे १८३२मध्ये सापडले, काही किलोमीटर खाली. तारीख ठाऊक, जागा ठाऊक. भागाकार केला की वेग हातात.

पुढचा हिशोब मात्र माणसांचा होता. ऑगस्ट १८२०मध्ये माँ ब्लांवर चढणाऱ्या डॉ. हामेल यांच्या मोहिमेवर हिमलोट कोसळला. पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ओग्यूस्त तेराझ हे तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. हिमनद्यांचा अभ्यास करणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी वेगाचे गणित मांडून सांगितले होते, की हे अवशेष अपघातानंतर सुमारे चाळीस वर्षांनी बोसाँ हिमनदीच्या पायथ्याशी बाहेर येतील. ते १८६१मध्ये आले. एकेचाळीस वर्षे. हाडे, कपड्यांच्या चिंध्या, गिर्यारोहणाचे सामान आणि ओळखता येईल असा हात. अपघातातून वाचलेला वाटाड्या जोझेफ-मारी कुते तोवर म्हातारा झाला होता. मृत्यूच्या क्षणी तरुण असलेले सोबती त्याच्यासमोर आले. विज्ञानाचे एवढे अचूक आणि एवढे जड भाकीत मला दुसरे माहीत नाही.

बोसाँ हिमनदी माँ ब्लांच्या माथ्याखालून थेट शामोनीच्या खोऱ्याकडे उतरते. उतार तीव्र, त्यामुळे तिची चालही आल्प्समधल्या बऱ्याच हिमनद्यांपेक्षा जलद. आणि याच हिमनदीशी मुंबईचे एक दुःख बांधले गेले आहे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान माँ ब्लांवर आदळले. ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच माथ्याजवळ, ४,७०० मीटरच्या आसपास, एअर इंडियाचेच ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ कोसळले. मुंबईहून निघालेले हे विमान दिल्ली, बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरणार होते आणि पुढे लंडनला जाणार होते. आतले ११७ही जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. मुंबईत जन्मलेले, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचे अणुकेंद्र उभे करणारे, वयाच्या अवघ्या ५६व्या वर्षी. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेत होत्या.

मग बर्फाने आपले काम सुरू केले. २०१२मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी, हिमनदीवर भारताच्या राजनैतिक टपालाची एक पिशवी सापडली. २०१३मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, माणिक आणि नीलम भरलेली एक पेटी मिळाली. ती त्याने पोलिसांकडे नेऊन दिली. मालक सापडला नाही, तेव्हा २०२१मध्ये ती रत्ने त्याच्यात आणि शामोनी गावात निम्मी-निम्मी वाटली गेली. २०२०च्या उन्हाळ्यात तर वर्तमानपत्रांचा गठ्ठाच बाहेर आला. इंदिरा गांधींच्या निवडीचे मथळे चोपन्न वर्षांनंतरही वाचता येत होते. कागद इतका चांगला टिकला, कारण बर्फात गारठा होता आणि उजेड नव्हता. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाने याहून जास्त काळजी घेतली नसती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. १८२०चे वाटाडे एकेचाळीस वर्षांत खाली आले, आणि १९६६चे सामान छेचाळीस ते चोपन्न वर्षांत. दोन्ही अपघातांच्या जागा वेगळ्या आणि हिमनदीचे टोकही आता पूर्वीच्या जागी नाही, त्यामुळे या आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही दोन वेगळ्या शतकांत हिशोब एवढा जवळ यावा, हे पाहून त्या फोर्ब्सच्या गणितापुढे मान तुकवावीशी वाटते.

मात्र बर्फाचे हे घड्याळ बिघडत चालले आहे. मेर द ग्लासपाशी ते पावलांनी मोजता येते. १९०९पासून शामोनीहून मोंतांव्हेरला दात्यांच्या रुळांवरची गाडी जाते, पाच किलोमीटरचा प्रवास. तिथून बर्फाच्या गुहेपर्यंत उतरायला १९८८मध्ये पाळणे बसवले, तेव्हा पाळण्यातून उतरल्यावर तीन पायऱ्या उतरल्या की बर्फ लागत असे. नंतर दरवर्षी नव्या पायऱ्या जोडाव्या लागल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. बर्फ त्या भागात वर्षाला चार-पाच मीटर पातळ होत होता. कड्यावर अमुक साली बर्फ इथपर्यंत होता, अशा पाट्या लावल्या आहेत. त्या वाचत उतरणारा प्रवासी आधी गप्पा मारत असतो, मग गप्पा कमी होतात. अखेर २०२४मध्ये पाळणे हिमनदीच्या वरच्या अंगाला हलवावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच हिमनदी शामोनीच्या खोऱ्याच्या तळाला येऊन टेकत होती. तेव्हापासून ती दोन किलोमीटरहून अधिक मागे गेली आहे.

शिखरही स्थिर नाही. २००१पासून ओत-साव्हुआ जिल्ह्यातले भूमापक दर दोन वर्षांनी वर जाऊन उंची मोजतात. २००७मध्ये ४,८१०.९० मीटर, २०२१मध्ये ४,८०७.८१, २०२३मध्ये ४,८०५.५९. खालचा खडक ४,७९२ मीटरवर संपतो, वरचा सगळा भाग बर्फाची टोपी. वाऱ्याने किती हिम जमवले, किती उडवले यावर दोन-तीन मीटर इकडेतिकडे होतात, म्हणून एका मोजणीवरून घाबरायचे नसते. काळजी करायची ती खालच्या बर्फाची.

कारण बर्फ पातळ झाला की त्याची चालही मंदावते. वजनच कमी पडते. मेर द ग्लासचा खालचा भाग आता पूर्वीच्या वेगाने सरकत नाही, आणि उष्णता अशीच वाढत राहिली तर या शतकाच्या अखेरीपर्यंत तिचा मोठा भाग नाहीसा होऊ शकतो. बोसाँचे टोकही चढत चढत वर गेले आहे. ‘कांचनजंगा’ आणि ‘मलबार प्रिन्सेस’मधल्या माणसांचे, सामानाचे बरेच काही अजून आत आहे. पायथ्याच्या वाटेवरून जाणाऱ्या माणसाला ते आजवर अधूनमधून दिसत आले. टोक असेच वर जात राहिले, तर पुढचे अवशेष चालणाऱ्याला पोचता न येणाऱ्या उंच, खड्या, दगड कोसळणाऱ्या उतारांवर बाहेर पडतील. ते शोधायला दोर आणि वाटाडे घेऊन कुणाला तरी मुद्दाम जावे लागेल, आणि ती व्यवस्था बर्फ सरकत आहे तोवरच करायला हवी.