डोक्यातला फुगा आणि प्लॅटिनमची तार



बेणे, लागण, पाचट, खोडवा हे आमचे नेहमीचे विषय. शेतकी खात्याने या खेपेस रक्तवाहिन्यांवर लिहायला घेतले, याचे अनेकांना नवल वाटेल. पण तसे कारण घडले आहे. गेल्या दोन हंगामांत गटांत हिंडताना, अचानक डोके दुखून कोसळलेल्या माणसांच्या दोन हकिगती आम्हांस समजल्या. एक तरुण गडी वेळेत पोहोचला आणि आज शेतात काम करतो आहे. दुसऱ्या एका माउलीला मोठ्या दवाखान्याच्या दारातून घरच्यांनी परत आणले. ‘डोकं उघडायचं म्हणतात, त्यापेक्षा घरी नेऊ,’ असे ठरले. आठव्या दिवशी त्या गेल्या. त्या वाचल्या असत्या की नाही, हे आम्ही सांगणारे कोण? पण हा इलाज डोके न उघडताही होतो, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही चार ठिकाणी विचारपूस केली, वाचले, आणि समजले ते इथे देत आहोत.

ट्रॉलीच्या टायरला आतून चीर गेली की त्या जागी फुगा येतो. टायर चालत राहते, ओझे वाहते, आणि एके दिवशी भर रस्त्यात फाटते. मेंदूच्या रक्तवाहिनीलाही असाच फुगा येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. तो बहुधा मेंदूच्या तळाशी, रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो तिथे येतो. चारीला फाटा फुटतो त्या कोपऱ्यावरच पाण्याचा मार बसून काठ खचतो, हे आपण रोज पाहतो. तसाच हा प्रकार. शंभर मोठ्या माणसांत सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, आणि बहुतेकांचा जन्मभर फुटत नाही. तेव्हा हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. मात्र रक्तदाब वाढलेला असेल, बिडी-सिगारेट चालू असेल, किंवा सख्ख्या नात्यात दोघांना हा त्रास झालेला असेल, तर धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त आहे.

फुगा फुटला की कसे ओळखावे? हे मात्र नीट वाचा, घरात वाचून दाखवा. डोके एकाएकी दुखते. हळूहळू चढत नाही. वीज पडावी तसे मिनिटाच्या आत कळस गाठते. ‘जन्मात असं दुखलं नव्हतं,’ असे माणूस स्वतःच म्हणतो. त्याबरोबर उलटी, उजेड सोसत नाही, काही वेळाने मान ताठते. कोणाला फेफऱ्यासारखा झटका येतो, कोणी बेशुद्ध पडतो. काहींना फुटण्याच्या काही दिवस आधी असेच एकदा अचानक दुखून थांबलेले असते. एका डोळ्याची पापणी अचानक खाली येऊन दोन-दोन दिसू लागले, तर तीही सूचनाच समजावी.

आपल्याकडे होते काय, की फडात असा माणूस बसला तर म्हणायचे, पित्त झाले, ऊन लागले. लिंबूपाणी पाजायचे, कपाळाला बाम चोळायचा, नाहीतर झाडाखाली निजवायचे. पित्ताचे डोके असे क्षणात कळसाला जात नाही. अशा माणसाला ॲस्पिरिनची गोळी देऊ नका, गुंगीत असेल तर तोंडात पाणीही घालू नका. एका कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांतच असतो. सिटीस्कॅन पहिल्या सहा तासांत काढला तर रक्तस्राव बहुधा चुकत नाही. उशीर झाल्यास पाठीतले पाणीही तपासावे लागते. ‘उद्या सकाळी बघू’ हे या दुखण्याला चालत नाही.

आता इलाजाकडे येऊ. अमेरिकेत वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने १९३७ मध्ये कवटी उघडून फुग्याच्या मानेला बारीक चिमटा लावला. तो चिमटा, म्हणजे क्लिप, आजही लावतात आणि तो उत्तम इलाज आहे. पण डोके न उघडता आतूनच तोंड बुजवता येईल का, असे पुष्कळांच्या मनात होते. मॉस्कोचे डॉक्टर फ्योदोर सर्बिनेंको यांनी रक्तवाहिनीतून नळी नेऊन तिच्या टोकाचा इवला रबरी फुगा आत सोडण्याची युक्ती काढली. १९७४ साली त्यांचा निबंध अमेरिकेत छापून आला तेव्हा जगाला ती कळली. फुग्याने फुगा बुजवायचा! पण मेंदूतल्या फुग्यांना नाना आकार, आणि गोल रबर त्यात नीट बसेना. कधी भिंतीवर ताण येई.

तो अडसर ग्विदो गुलिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी दूर केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील रुग्णालयात १९९० साली त्यांची प्लॅटिनमची तार पहिल्या रुग्णाला वापरली गेली, आणि १९९५ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने तिला मान्यता दिली. ही तार म्हणजे कॉइल, मिलिमीटरच्या अर्ध्या हिश्श्याहूनही बारीक आणि अगदी मऊ. प्लॅटिनम शरीरात गंजत नाही आणि क्ष-किरणात ठळक दिसते.

काम असे चालते. रुग्णाला भूल देतात. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीत सुईएवढे छिद्र पाडून नळी वर मानेपर्यंत नेतात, तिच्यातून आणखी बारीक नळी थेट फुग्याच्या तोंडात. सगळे पडद्यावर पाहून. मग तार आत ढकलायची, की ती आपोआप वेटोळे घेते. खरी खुबी पुढे आहे. कॉइल एका पोलादी तारेला जोडलेली असते. वेटोळे नीट बसले नाही तर ते परत ओढून घेता येते. बसल्याची खात्री झाली की अगदी हलका वीजप्रवाह सोडतात; त्याने सांध्यावरचे पोलाद विरघळते, प्लॅटिनमला काही होत नाही, आणि कॉइल आत राहून तार बाहेर येते. आता सांधा सोडवण्याच्या इतरही रीती निघाल्या आहेत, पण मूळ कल्पना तीच. अशा चार-सहा किंवा जास्तही कॉइल बसवाव्या लागतात.

आम्हांला वाटले होते, फुगा तारेने गच्च भरत असतील. तसे नाही. पोकळीचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच तारेने भरतो. बाकीच्या जागेत रक्त थांबते आणि गोठून बसते. पाट फुटला की आपण तरी काय करतो? दगड आणि झुडपे टाकतो, पाण्याचा जोर मोडतो, आणि पुढचे काम गाळ करतो.

कॉइल चांगली की क्लिप, हा वाद बरीच वर्षे चालला. मुख्यतः ब्रिटन आणि युरोपात फुग्यातून रक्तस्राव झालेल्या २१४३ रुग्णांवर मोठी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये छापले गेले. वर्षभरानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलच्या बाजूस शंभरी २३.७ आणि क्लिपच्या बाजूस ३०.६ भरले. म्हणजे कॉइल सरस, पण जादू नव्हे. नळी आत असताना फुगा फुटू शकतो, गुठळी सुटून अर्धांगही होऊ शकतो. शिवाय कॉइल काळाने दबून फुगा पुन्हा उघडण्याचा प्रकार क्लिपपेक्षा जास्त, म्हणून सांगतील तेव्हा फेरतपासणीला गेलेच पाहिजे. बरे वाटले की आपली माणसे पुन्हा दवाखान्याचे तोंड पाहत नाहीत! आणि रुंद तोंडाचा किंवा अडचणीच्या जागेचा फुगा असेल, तर डॉक्टर अजूनही क्लिपच सुचवतील. काही ठिकाणी फुग्याच्या तोंडावरून रक्तवाहिनीत जाळीची नळीही बसवतात.

आणखी एक विकार जाता जाता सांगतो. काहींच्या मेंदूत जन्मापासून धमनी थेट शिरेला मिळालेली असते. पाटाचे पाणी वाफ्यात न शिरता सरळ ओढ्याला जावे तसे. तिथे नळीतून एक प्रकारचा डिंक सोडून वाट बुजवतात. तो आपल्या दुकानात मिळणाऱ्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाच्याच जातीचा, अर्थात औषधी शुद्धतेचा.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे, कारण एकेक कॉइल महाग. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो; हा इलाज तिथे योजनेत होतो का, हे पोहोचताच त्यालाच विचारावे. रुग्णवाहिकेत बसतानाच, ‘मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नळीने काम जिथे होते तिथे न्या,’ असे सांगितले तर मधला एक फेरा वाचू शकतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात एका जागी ठेवा, रात्री शोधाशोध नको. मुकादमांनी आपल्या टोळीतल्या मजुरांचेही ठेवावे. त्यांची गावे लांब असतात आणि कागद बहुधा तिकडेच राहतात.