फुंकणीच्या टोकावरची काच

भट्टीचं दार जेमतेम वीतभर सरकतं आणि आतला केशरी उजेड कारागिराच्या तोंडावर पडतो. आत सुमारे 1150 अंश सेल्सिअसला काचेचा रस तयार असतो. चुलीच्या फुंकणीसारखी, पण चांगली पाच फूट लांब पोलादी नळी तो रसात बुडवतो, दोन-तीनदा फिरवतो आणि बाहेर काढतो. काडीवर मध गुंडाळून घ्यावा तसा लखलखता गोळा टोकाला आलेला असतो. त्या क्षणापासून नळी फिरायची थांबत नाही. थांबली, की गोळा एका बाजूला ओघळलाच.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी, तिथल्या काच संग्रहालयात, हे काम लोकांसमोर चालतं. 2015 साली एका जुन्या काचकारखान्याच्या इमारतीत 500 माणसं बसतील अशी कार्यशाळा तिथे सुरू झाली. मुख्य कारागीर बाकावर बसून नळी मांडीसमोर पुढे-मागे लोळवतो, मदतनीस दुसऱ्या टोकाने फुंकर घालतो. बोलणं एखाद-दोन शब्दांचं.

बघणाऱ्याचं लक्ष फुंकरीकडे असतं. पण खरं कसब आहे ते काच आत्ता किती तापलेली आहे हे ओळखण्यात. बर्फ शून्य अंशाला वितळतो. काचेला असा नेमका वितळणबिंदू नाही. निवताना ती फक्त दाट होत जाते. नेहमीच्या वापरातली सोडा-लाइम काच 1100 अंशांवरून 550 अंशांवर येईपर्यंत तिचा दाटपणा, म्हणजे श्यानता, अब्जपटीहून जास्त वाढते. घरी चिक्की केली असेल त्यांना हे हाताने ठाऊक आहे: पाक ताटात ओतल्यावर लाटायला मिळतात ते मोजके क्षण, मग लाटणं चालत नाही. कडक झालेला साखरेचा पाक हीसुद्धा शास्त्राच्या अर्थाने काचच. इथे कारागीर गोळ्याचा रंग पाहतो, तो किती चटकन लोंबतो ते पाहतो आणि तेवढ्यावर ठरवतो: आता फुंकायचं, की पुन्हा तापवायचं.

फुगा एकसारखा का फुगतो, हे मला या साऱ्यातलं सर्वात सुंदर विज्ञान वाटतं. भिंत जिथे पातळ होते तिथली उष्णता लवकर निघून जाते आणि तो भाग ताठ होतो. पुढची फुंकर मग जाड, अजून मऊ असलेल्या भागाला ताणते. जाडी आपोआप सारखी होत जाते. पुन्हा तापवायला आगीत धरलं की मात्र उलटं होतं, पातळ भागच आधी मऊ पडतो. म्हणून आगीसमोर कारागिराची नजर हलत नाही.

मग तो हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी घेतो आणि थेट तापलेल्या काचेवर धरतो. चर्र आवाज, वाफ, जळक्या कागदाचा वास. हात भाजत नाही, कारण कागदातल्या पाण्याची वाफ होऊन काच आणि कागद यांच्यामध्ये पातळ थर तयार होतो. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तो याच थरावर. गुळगुळीत आकार देणारं याहून हलकं हत्यार नाही.

असे हात पुस्तकातून तयार होत नाहीत. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला, तिथेही माणसांना हे काम शिकवलं गेलं.

फुलदाणी तयार झाली तरी काम संपत नाही. ती तशीच हवेत ठेवली तर बाहेरचा थर आधी ताठ होतो, आतला मागाहून आकसू पाहतो आणि ताण काचेतच अडकतो. तडा लगेच जाईल किंवा काही दिवसांनी. म्हणून ती सुमारे 480 अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवतात आणि रात्रभर सावकाश निवू देतात.

जाडी वाढली की हा वेळ भराभर वाढतो. 1934 साली कॉर्निंगमध्येच 200 इंच व्यासाच्या दुर्बिणीच्या आरशासाठी काचेची तबकडी ओतली. ओतताना साच्यातले काही ठोकळे सुटून रसावर तरंगले आणि ती तबकडी बाद झाली. आज ती संग्रहालयात पाहायला मिळते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी ओतली. ती निववायला सुमारे दहा महिने लागले. तिचाच आरसा आजही कॅलिफोर्नियात पालोमार पर्वतावरच्या हेल दुर्बिणीत काम करतो आहे.