वृक्षरेषेखालचा थरार

एखाद्या मनोरंजन उद्यानात नवा रोलर कोस्टर उभा राहणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी तर्कवितर्कांना उधाण येते. तो किती उंच असेल, किती गिरक्या घेईल, याचे आडाखे बांधले जाऊ लागतात. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ऑल्टन टॉवर्स या उद्यानापुरते बोलायचे, तर या आडाख्यांचा आरंभ एका निर्बंधापासून होतो. जुन्या जमीनदारी वाड्याच्या आणि एकोणिसाव्या शतकातील उपवनांच्या या परिसरात भोवतालच्या झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच कोस्टर उभारता येत नाही.

हा निर्बंध साधा नव्हे. रोलर कोस्टरच्या गाडीला सहसा इंजिन नसते. साखळीने तिला चढावर ओढून नेले जाते आणि तेथे जमा झालेल्या ऊर्जेवरच तिचा पुढील प्रवास चालतो. घर्षण व हवेचा विरोध या ठेवीतून सतत काही ना काही वजा करीत असतात. म्हणूनच पुढचा कोणताही उंचवटा पहिल्याइतका उंच असू शकत नाही. उंचीच नाकारली, तर भांडवलच आटते.

संकल्पक जॉन वॉर्डली यांनी यावर सरळ उपाय योजला. वर जाता येत नसेल, तर खाली जावे! गुप्त शस्त्र या अर्थाच्या सांकेतिक नावाखाली आखलेल्या पहिल्या दोन आराखड्यांवर फुली पडली. तिसऱ्यात खडक फोडून दरी खोदण्यात आली आणि 1994 साली ‘नेमेसिस’ सुरू झाला. जमिनीपासून त्याची उंची अवघी 13 मीटर. एकूण उतार मात्र सुमारे 32 मीटर! 1998 मधील ‘ऑब्लिव्हियन’ने तर प्रवाशांना जवळजवळ उभ्या कड्यावरून थेट भुयारात लोटले.

अशा उभारणीसाठी स्थानिक परिषदेची परवानगी लागते आणि त्यासाठी दिलेले नकाशे जनतेलाही पाहता येतात. साहजिकच हौशी अभ्यासक ते बारकाईने वाचतात. खोल खड्डा दिसला, की मोठ्या उताराचा अंदाज बांधला जातो. दुसरा चढ दिसला, की एका चढाची शिदोरी पुरणारी नाही हे उमगते. 2013 साली सुरू झालेल्या ‘द स्मायलर’ला चौदा उलट्या गिरक्यांसाठी असे दोन चढ द्यावे लागले.

मात्र सर्वच गोष्टी नकाशात दिसत नाहीत. कोस्टरचा मार्ग खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडली जाते. 2 जून 2015 रोजी ‘द स्मायलर’च्या स्वयंचलित यंत्रणेने गाडी रोखली होती. तो इशारा खोटा समजून कर्मचाऱ्यांनी ती पुढे सोडली आणि ती मार्गावर थांबलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. 2016 साली न्यायालयाने चालक कंपनीला पन्नास लाख पौंडांचा दंड ठोठावला. संकल्पनेतील सुरक्षा निर्दोष असली, तरी तिला बगल देण्याची मुभा कामकाजात राहून गेली होती.

‘नेमेसिस’चा जुना मार्ग 2022 च्या अखेरीस उतरवण्यात आला. 2024 मध्ये नवे रूळ आले. वळणे मात्र तीच ठेवली गेली. तीस वर्षांपूर्वी एका निर्बंधाने सुचवलेला आराखडा आजही बदलावासा वाटला नाही, यातच त्याचे यश सामावले आहे. उंचीची मर्यादा संकल्पकाने कल्पकतेने ओलांडली. सुरक्षेची मर्यादा मात्र पाळण्यासाठीच असते.