तो ट्रंपेट कोणाचा?

केन्ड्रिक लमारचा ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’ हा अल्बम मार्च 2015 मध्ये आला. त्यातलं ‘फॉर फ्री?’ लागलं की कान टवकारतात. पियानो सुसाट सुटलाय, ड्रम त्याला गाठतोय आणि रॅपर त्या दोघांमधून वाट काढत बोलतोय. मशीनवर फिरवलेला तुकडा नाही हा, माणसं बसून वाजवताहेत. पियानोवर रॉबर्ट ग्लास्पर आहे. अल्बममध्ये इतरत्र कामासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन भेटतो.

हिप-हॉप जन्मलं ते मात्र तबकडीवर. 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं, की गाण्यात नुसता ताल उरतो तेव्हाच पोरं बेभान नाचतात. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारीशेजारी लावून तेवढाच तुकडा लांबवला. पुढे जॅझच्या जुन्या रेकॉर्डमधूनही असे तुकडे उचलले जाऊ लागले. 1993 मध्ये गुरू या रॅपरने ‘जॅझमॅटॅझ’ या अल्बमसाठी तुकड्याऐवजी वाजवणाऱ्यालाच स्टुडिओत बोलावलं. ट्रंपेट घेऊन डोनाल्ड बर्ड आले, व्हायब्राफोनवर रॉय एअर्स उभे राहिले.

आता आपल्याकडचा माग. नंदुरबारकडे वरातीत बँड जुनी हिंदी गाणी वाजवतो, तेव्हा सगळ्यांच्या वर चढतो तो ट्रंपेट. त्या सुरावटी कोणाच्या, म्हणून मागे मागे गेलं की 1951 चा ‘अलबेला’ लागतो. भगवानदादांचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं. त्यांनी 1947 च्या ‘शहनाई’तच पाश्चात्त्य ठेका बिनधास्त आणला होता. पण ‘अलबेला’तली ती वाद्यांची झिंग हार्मोनियमवर बसून सुचलेली वाटत नाही. खोलीत दुसरं कोणीतरी आहे.

ते कोणीतरी चक्क पडद्यावर दिसतं! आपल्या बँडसह उभा असलेला हा ट्रंपेटवाला म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जॅझ बँड वाजायचा आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा, असं त्या काळच्या कितीतरी गोमंतकीय वादकांचं आयुष्य होतं.

या माणसांची किमया नीट समजून घ्यायला हवी. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गोव्याची मुलं स्वरलिपी शिकत. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा आणि फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते कागदावर उतरवायचे. गायक आणि वादक एकदमच रेकॉर्ड होत. शेवटच्या ओळीत एक व्हायोलिन चुकलं, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या धाकातूनच गाण्यात जीव येतो, असं मला मनापासून वाटतं.

1957 च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ तर रॅपच्या उंबऱ्यावरच उभं आहे. बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून सी. रामचंद्रांना ते सुचलं आणि त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी शब्द घातले, असं सांगतात. अर्थ बाजूला सारून किशोरकुमारांचा गळा तालवाद्यासारखा चालतो. आर्मस्ट्राँगने 1926 मध्ये ‘हीबी जीबीज’मध्ये हेच केलं होतं.

एवढं करूनही वादक श्रेयनामावलीबाहेर राहिले. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ 1977 मध्ये देशभर गाजलं, पण ते नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं, मजोर्ड्याच्या एका थोर वादकाचं आहे, हे किती जणांना ठाऊक होतं? ग्रेगरी बूथ यांनी 2008 च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या पुस्तकात आणि नरेश फर्नांडिस यांनी 2012 च्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात या माणसांना हुडकून उजेडात आणलं. चिक चॉकलेट 1967 मध्येच गेले होते.

म्हणून शहादा-तळोद्याकडच्या एखाद्या रॅपरने उद्या अहिराणीत अल्बम केला, तर त्याने बँडमधला ट्रंपेटवाला बोलवावा, सातपुड्यातला पावरी वाजवणारा बोलवावा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी दोघांची पूर्ण नावं लिहून घ्यावीत. लमारच्या अल्बमवर वादकांची नावं छापलेली आहेत. त्याच वर्षी कामासी वॉशिंग्टनचा ‘द एपिक’ हा जवळपास तीन तासांचा जॅझ अल्बम आला, तेव्हा हे नाव रॅपच्या श्रोत्यांनी आधीच वाचलेलं होतं.