विश्लेषण : हूडची एक क्लिप तुटली, म्हणून अख्खे छत बदलायचे का?

कापडी छताची जीप किंवा थार वापरणाऱ्यांना मे महिन्याच्या शेवटी एक आवाज ओळखीचा होतो. हूड बसवताना बारीकसा ‘टक्’ होतो आणि प्लास्टिकचा तुकडा हातात येतो. तुकडा नखाएवढा, पण त्याने धरलेली बाजू आता वाऱ्यावर फडफडणार आणि दोन आठवड्यांनी पावसात गळणार.

शेगाव, खामगाव, अकोला हा पट्टा उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतो. हूडच्या क्लिपा याच काळात जास्त तुटतात आणि पावसाळा तोंडावर असल्याने दुरुस्तीची घाईही याच काळात असते. अशा वेळी एकीकडून ‘सुटा पार्ट मिळत नाही, पूर्ण सेट घ्या’ असे उत्तर मिळते, तर दुसरीकडून ‘तार बांधा, चालते’ असा सल्ला. दोन्ही पर्यायांच्या मध्ये एक सरळ रस्ता आहे. तो समजून घेऊ.

कापडी छत आपल्याकडे आले कुठून?

विलीज जीप दुसऱ्या महायुद्धात जगभर पोहोचली. भारतात महिंद्राने १९४०च्या दशकाअखेर तिची जुळणी सुरू केली. लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्रीसारखे कापड आणि कडेला पट्टे-बटणे ही त्या जीपची रचना. पुढे कमांडरसारख्या गाड्यांमधून ती गावोगाव दिसू लागली. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या थारमध्येही हाताने मागे दुमडता येणाऱ्या कापडी छताचा पर्याय होता. ऑटोचे हूडही याच कुळातले. गाडी कोणतीही असो, कापड सांगाड्याला धरून ठेवण्याचे काम छोट्या क्लिपाच करतात.

तुटले ते नेमके काय, हे आधी ओळखा

‘क्लिप तुटली’ एवढे सांगून दुकानात योग्य वस्तू मिळत नाही. हूडवर साधारण चार प्रकार असतात.

– समोरचा लॅच : समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीला छत पकडून ठेवतो. सर्वाधिक ताण यावर येतो.
– टिचबटण : टोपी आणि सॉकेट कापडावर, खुंटी गाडीच्या पत्र्यावर. या कामासाठीच्या बटणाची टोपी साधारण १५ मिमीची असते. शर्टाचे बटण इथे टिकत नाही.
– फिरकी बटण : अंडाकृती छिद्रातून काढून आडवे फिरवायचे.
– पट्टीची प्लास्टिक क्लिप : कापडाची कड किंवा रबरी पट्टी सांगाड्याच्या छिद्रात धरते. हिच्या दांड्याला झाडाच्या फांद्यांसारखे काटे असतात. तुटण्याच्या तक्रारी हिच्याच जास्त.

उन्हाळ्यातच का तुटते?

अशा क्लिपा बहुतेक वेळा नायलॉन किंवा ॲसिटाल नावाच्या प्लास्टिकच्या असतात. नायलॉनला लवचिक राहण्यासाठी थोडा ओलावा लागतो, तो हवेतून शोषला जातो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात हा ओलावा उडतो आणि नायलॉन कडक होते. त्यातच उन्हातली अतिनील किरणे प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडत असतात. पृष्ठभाग पांढरट, खडबडीत दिसू लागला, की क्लिप थकली असे समजावे.

तुटण्याची जागाही ठरलेली असते. दांडा आणि डोके जिथे काटकोनात मिळतात, त्या कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो. एक तुटली असेल, तर त्याच वयाच्या शेजारच्या क्लिपाही त्याच वाटेवर असतात. त्यामुळे घेताना एकच न घेता चार-सहा घेणे शहाणपणाचे.

एका क्लिपने एवढे काय बिघडते?

पाणी आत येते हा दिसणारा त्रास. न दिसणारा धोका वेगाचा आहे. गाडी धावू लागली, की छतावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढले जाते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट.

ताशी ४० किमीला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ७ किलो वजनाएवढा असतो. ८० ला तो २८ किलो, तर १०० ला ४४ किलोच्या आसपास जातो. छतावर प्रत्यक्ष येणारी ओढ गाडीच्या आकारानुसार कमी-जास्त असेल, पण वाढीचा नियम तोच. म्हणूनच शेगावच्या गल्लीत काहीच न जाणवणारी सैल कड महामार्गावर धडधडू लागते. सुटलेल्या क्लिपचा वाटा शेजारच्या दोघींवर जातो. त्या सुटल्या, की शिलाई उसवते. मग दुरुस्ती क्लिपची न राहता हूडची होते.

चिकटवून चालेल का?

नाही. झटपट चिकटणारा गोंद ॲसिटालवर नीट धरत नाही. नायलॉनवर धरला, तरी जोड कडक आणि ठिसूळ होतो. क्लिपचे कामच वाकण्याचे असल्याने ती पुन्हा तिथेच तुटते. तारेने बांधले तर तार कापड कापते. गाव गाठेपर्यंत प्लास्टिकची केबल टाय वापरायला हरकत नाही, पण तेवढ्यापुरतीच.

बदलायची कशी?

१. फोटो काढा. शाबूत क्लिपचे तीन बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्या. तुटलेला तुकडा फेकू नका.

२. ताण सैल करा. समोरचे लॅच उघडून कापड ढिले करा. ताणलेल्या कापडावर काम केल्यास नवी क्लिपही तुटते. गाडी सावलीत लावा.

३. मोडका भाग काढा. पेचकसच्या टोकाला कापड गुंडाळून हलकेच उचका. रिव्हेट असेल, तर ड्रिलने फक्त तिचे डोके उडवा, छिद्र मोठे करू नका.

४. मापे घ्या. छिद्राचा व्यास, पत्र्याची जाडी, दांड्याची लांबी आणि डोक्याचा व्यास ही चार मापे वर्नियरने घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही क्लिप सैल किंवा घट्ट करतो.

५. छिद्र साफ करा. गंज घासून प्रायमरचा हात द्या आणि वाळू द्या.

६. नायलॉनची क्लिप भिजवा. बसवण्याआधी अर्धा तास गरम पाण्यात ठेवा. ती थोडी मऊ होते आणि काटे न मोडता आत जातात.

७. बसवा आणि तपासा. डाव्या-उजव्या बाजू आलटून-पालटून ओढा. मग पाइपने पाच मिनिटे पाणी मारून आतून हात फिरवा. पहिली फेरी कमी वेगातच करा.

टिचबटण बदलायचे असेल, तर घरी हातोडी मारण्यापेक्षा हूड-सीट शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे जा. त्याच्याकडे त्याचा पंच असतो आणि फाटलेल्या जागी तो आतून रेग्झिनचा तुकडा लावून मगच बटण ठोकतो. पितळी किंवा स्टेनलेस बटण मागा. साध्या लोखंडाचे बटण एका पावसाळ्यात गंजते आणि कापडावर डाग सोडते.

सुटा पार्ट मिळतच नसेल तर?

आधी आरसीवरचा चेसिस क्रमांक घेऊन पार्ट्स काउंटरवर जा. नेमका पार्ट क्रमांक त्यावरूनच निघतो. ‘मिळत नाही’ असे उत्तर आले, तर ते लेखी मागा. ठरावीक मापाच्या क्लिपा अनेक गाड्यांना सारख्याच चालतात. शेगावात न मिळाल्यास खामगाव किंवा अकोल्याच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत तुटलेला तुकडा दाखवून विचारता येते.

थ्रीडी प्रिंटिंग हा नवा पर्याय आहे. पण त्यात सर्रास वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडते. उन्हात उभ्या गाडीत ते टिकणार नाही. एएसए किंवा नायलॉनमध्ये छापून घ्या. थर दांड्याच्या लांबीच्या दिशेने यायला हवेत, नाहीतर दांडा थरांमध्येच तुटतो.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

सुट्या भागांचा प्रश्न देशपातळीवरही गाजला आहे. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. ते प्रकरण पुढे अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विमा आणि आरटीओचे काय?

झीज होऊन तुटलेल्या भागाला विमा लागू होत नाही. अपघातात तुटला तरी प्लास्टिक, नायलॉन आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, शिवाय नो क्लेम बोनस जातो. क्लिपसाठी क्लेम करणे तोट्याचेच. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

क्लिप बदलण्यासाठी आरटीओकडे जावे लागत नाही, कारण गाडीच्या नोंदीत काहीच बदलत नाही. पण क्लिपांचा कंटाळा करून कापडी छताच्या जागी पत्र्याचे छत बसवायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. आरसीवरील मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

थोडक्यात

– तुटलेला तुकडा जपा, त्यावरच माप मिळते.
– एक बदलताना शेजारच्याही तपासा.
– गोंद आणि तार हा कायमचा उपाय नाही.
– कड सैल असेल तर महामार्गावर वेग कमी ठेवा.
– हे काम मृगाचा पाऊस येण्याआधी उरका. ओल्या कापडाला बटण नीट बसत नाही आणि त्या दिवसांत कुशनवाल्याकडे रांगही लांब असते.