पावसाळ्यांतील बंब

गिरगांव, परळ, लालबाग येथील चाळींतल्या कित्येक पिढ्यांस ज्या बंबानें कढत पाणी पुरविलें, तो आतां बहुतेक घरांतून गेला आहे. तथापि कांहीं बिऱ्हाडांत तो अजून पेटतो, आणि सुट्टींत कोंकणांत आजोळीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांसही तो परका नाहीं. पुण्याच्या तांबट आळींतील कारागिरांनीं ठोकून घडविलेला चांगला बंब नातवंडांच्या काळापर्यंत टिकतो. मात्र त्यास विस्तवापेक्षां पावसाचें भय अधिक असतें, हें थोड्यांच्या लक्षांत येतें.

बंबाच्या मध्यें एक उभी नळी असते. तींत कोळसे, ढलप्या किंवा नारळाच्या करवंट्या जळतात, आणि नळीच्या सभोंवार पाणी असतें. तळाशीं लोखंडी जाळी असून तिच्यांतून राख खालीं पडते. या राखेंत पोटॅशचे क्षार असतात व ते हवेंतील ओल शोषून घेतात. मुंबईंत वर्षाकाठीं सरासरी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, शिवाय समुद्राची हवा खारी. अशा दिवसांत रात्रभर राख तशीच राहिली, तर जणूं ओलें पोतेरेंच धातूस गुंडाळून ठेविल्यासारखें होतें. म्हणून विस्तव विझून बंब निवाला कीं राख त्याच दिवशीं काढावी.

तांब्याला लोखंड टेकलेलें असून मध्यें खारट ओल असली म्हणजे लोखंड आधीं झिजतें व तांबें वांचतें. सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें १८२४ सालीं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांस लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून हाच गुण कामीं आणिला. (तांबें खरोखरच वांचलें; पण त्या निर्धोक तांब्यावर समुद्रांतील जीव वस्ती करूं लागले व जहाजांचा वेग मंदावला!) आपल्या बंबांतही पहिला बळी जाळी व लोखंडी पाय यांचाच पडतो. पाय गंजून मोडला तर कढत पाण्यानें भरलेला बंब मुलाच्या अंगावर कलंडेल. यास्तव मृगापूर्वींच पाय ठोकून पाहावे.

बंब चिंचेनें घासल्यावर तो स्वच्छ धुवून पुसावा. आंबट अंश राहिल्यास हिरवें जंगाल लौकर चढतें. धुराड्यावर पत्र्याची टोपी घालावी, पण पेटविण्यापूर्वीं ती आठवणीनें काढावी. गोणपाटाचें आच्छादन मला पसंत नाहीं. तें एकदां भिजलें कीं वाळत नाहीं. पाण्यावांचून बंब कधींही पेटवूं नये. आंतील कल्हईचें कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतें; पाणी असेपर्यंत तें उष्णता ओढून घेतें व कल्हई सुरक्षित राहते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गॅलरींतला बंब पावसांत भिजूं नये म्हणून पुष्कळ लोक तो न्हाणींत आणतात, आणि सर येऊं नये म्हणून खिडकीही लावून घेतात. बंब वांचतो, पण माणूस धोक्यांत येतो. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पटींनीं बिलगतो. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, मग पाय लटके पडतात; दार उघडण्याचें त्राण राहत नाहीं. म्हणून बंब गॅलरींतच, वर पत्रा व बाजू मोकळ्या ठेवून पेटवावा, आणि पाणी बादलीनें आंत न्यावें.

न्हाणीघरांतील गॅसचा गिझर हा या बाबतींत बंबाचा नातूच आहे. तो शक्य तों न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेंत पण पावसाच्या झडीपासून आडोशाला बसवावा. कोणी पावसाच्या भयानें न्हाणीच्या झरोक्यांत चिंध्यांचा बोळा कोंबला असेल, तर पालकांनीं तो आजच काढून टाकावा.