भोसल्यांची नगरी, विणकरांचे ताट

नागपूरची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकांमध्ये प्रेक्षणीय स्थळे एका पानावर आणि खाद्यपदार्थ दुसऱ्या पानावर असतात. पहिल्या पानावर सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइलचा स्तंभ, अजब बंगला आणि दीक्षाभूमी येते, तर दुसऱ्यावर तर्री पोहे, सावजी आणि संत्रा बर्फी. ही विभागणी सोयीची असली तरी जुन्या नागपूरच्या बाबतीत ती दिशाभूल करते. सत्ताधाऱ्यांनी या शहरात वाडे, किल्ले आणि न्यायालये बांधली. परंतु ज्या विणकरांच्या आणि गिरणी कामगारांच्या कष्टांवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या वाट्याला दगडी स्मारके फारशी आली नाहीत, आणि त्यांचा इतिहास शोधायचा तर तो भोजनालयाच्या चुलीपाशी जाऊनच शोधावा लागतो.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नाग नदीच्या परिसरातील बारा खेडी एकत्र करून हे नगर वसवले, असे परंपरेने मानले जाते. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, नगराला तट बांधला आणि जुम्मा तलाव खोदवला. हाच पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर झाला. १७३९ मध्ये चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीसाठी भांडण पेटले, त्यात रघुजी भोसले मध्यस्थ म्हणून आले आणि १७४३ पर्यंत खरी सत्ता त्यांच्या हाती गेली. भोसल्यांचे वाडे जेथे उभे राहिले तो भाग महाल म्हणून ओळखला जातो, आणि त्याच भागात गोंड राजघराण्याचे किल्ला म्हणवले जाणारे जुने निवासस्थानही आहे; जिंकलेले आणि जिंकणारे इतक्या जवळ शेजार करून राहिल्याची उदाहरणे महाराष्ट्रातील जुन्या राजधान्यांत फार सापडत नाहीत.

या राजधानीभोवती जे बाजार वाढले, त्यांची नावे आठवड्याच्या वारांवरून पडली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी आणि मंगळवारी ही नावे आज वस्त्यांची झाली आहेत. बाजारांच्या आत एकेका धंद्याच्या सलग दुकानांची रांग असे, तिला येथे ओळी म्हणतात. चितारओळीत मूर्तिकार आणि चित्रकार, किराणा ओळीत मसाले आणि वाणसामान. इतवारीच्या मस्कासाथ भागात धान्य आणि मसाल्यांचा ठोक व्यवहार चाले. जिल्ह्यातीलच भिवापूरची लालभडक मिरची, विदर्भातील जवस आणि ज्वारी, दूरवरून येणारे दगडफूल, लवंग आणि मिरे हे सारे एकाच बाजारपेठेत मिळत असल्याने येथील स्वयंपाकाला जी चव आली, तिचे मूळ या पेठेत आहे.

भोसल्यांच्या दरबाराने ज्या कारागिरांना आश्रय दिला, त्यांत विणकर महत्त्वाचे होते. नागपूरची रेशीमकाठी धोतरे, लुगडी आणि पागोटी दूरपर्यंत जात असत. हे काम प्रामुख्याने हलबा-कोष्टी समाजाकडे होते आणि गोळीबार चौक, टिमकी, तांडापेठ, पाचपावली या वस्त्यांत घरोघरी खड्डा माग असे, म्हणजे जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून, पावड्या दाबत विणण्याचा हातमाग. मागावर एक जण बसला तरी काम एकट्याचे नसे. सुताला खळ देण्याची पाजणी, कांड्या भरणे आणि ताणा लावणे यांत घरातील स्त्रिया आणि मुलेही दिवसभर गुंतलेली असत.

सावजी हे याच समाजात आदराने वापरले जाणारे संबोधन असून त्यावरून त्यांच्या स्वयंपाकालाही तेच नाव मिळाले. सावजी म्हणजे निव्वळ जाळ, हा बाहेरच्यांचा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. धणे, खसखस, सुंठ, दगडफूल, मिरे, लवंग, तेजपान आणि सुकी मिरची असे अनेक जिन्नस वेगवेगळे भाजून, पूर्वी पाट्यावर बारीक वाटून, तेलात बराच वेळ परतले जातात. रश्श्याचा काळसर रंग या भाजण्यातून येतो, टोमॅटोला त्यात फारसे स्थान नसते आणि दाटपणासाठी अनेक घरांत ज्वारीचे पीठ लावतात. पूर्वी यासाठी जवसाचे तेल वापरले जाई. मटणाबरोबरच खूर आणि मुंडी, म्हणजे बोकडाचे पाय आणि डोके, यांचे रस्से या स्वयंपाकात मानाचे ठरले. काहीही वाया न घालवणाऱ्या, बेताच्या मिळकतीच्या घराचे शहाणपण त्यात स्पष्ट दिसते. मांस न खाणाऱ्यांसाठी डाळकांदा आणि पाटवडीचा रस्सा असतो, आणि बेसनाच्या त्या वड्या रश्श्यात सोडल्यावरही फुटत नाहीत, यात करणाऱ्याचे कसब आहे.

ताटात भाकरी असतेच, परंतु नागपूरची लांब रोटी पाहण्यासारखी असते. गव्हाची कणीक सैलसर भिजवून ती लवचीक होईपर्यंत आपटली जाते. मग करणारी स्त्री तो गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर अलगद पसरते. रोटी इतकी पातळ होते की काही क्षणांतच तिच्यावर तांबूस डाग उमटतात. हे काम बहुतांशी स्त्रियाच करतात, आणि भोजनालयाच्या पाटीवर त्यांचे नाव क्वचितच असते.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले, तेव्हा दरबाराचा आश्रय संपला. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात पोहोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ भर घालून उंचावलेल्या दलदलीच्या जमिनीवर सुरू झाली. यंत्रावरच्या कापडाने हातमागाचा बाजार हळूहळू काबीज केला, आणि गिरणीच्या पाळ्यांमुळे बाहेर जेवणारा मोठा कामगारवर्गही तयार झाला. विणकर वस्त्यांमधील घरगुती खानावळींना या वर्गाने गिऱ्हाईक पुरवले, असे मानण्यास सबळ आधार आहे. कित्येक भोजनालये आजही राहत्या घरालाच लागून आहेत. मोमीन विणकरांच्या मोमीनपुऱ्यात बिर्याणी आणि कबाबांची जी परंपरा वाढली, तिचीही पार्श्वभूमी मागाचीच आहे. पारशी वस्तीचे शहराशी असलेले नाते मात्र वेगळ्या पदार्थांतून दिसते. दिनशॉ हा दूध आणि आइस्क्रीमचा उद्योग १९३२ मध्ये येथेच सुरू झाला.

सीताबर्डीच्या पश्चिमेचे नागपूर इंग्रजी अंमलाचे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेथे इंग्रजांनी किल्ला बांधला. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने वर्षातील मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. जवळच १९०७ चा झिरो माइल स्तंभ आहे. त्याच परिसरातील कस्तुरचंद पार्कच्या कडेला सकाळी तर्री पोह्यांच्या गाड्यांभोवती जी गर्दी होते, तीत वकील, विद्यार्थी आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे असतात. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा आणि त्यावरचा तेलाचा तवंग, म्हणजे तर्री, वाढली जाते. सत्तेच्या या परिसरात जुन्या शहराची चव अशी रस्त्यानेच शिरली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो लोक येतात तेव्हा संस्था आणि वस्त्या मिळून त्यांच्या जेवणाची सोय करतात, आणि शहराच्या अन्नेतिहासात हे अन्नदानही नोंदले गेले पाहिजे.

एम्प्रेस मिल बंद पडली, तिच्या जागी मॉल आणि निवासी इमारती आल्या. हातमागाच्या वस्त्यांत मागाचा आवाज जवळजवळ थांबला आहे. सावजी मसाला मात्र पाकिटात बंद होऊन परगावी जातो आणि पुण्या-मुंबईतही सावजीच्या पाट्या दिसतात, जेथे जेवणाऱ्याला कोष्टी समाजाची किंवा खड्डा मागाची काही कल्पना नसते. वारसा म्हणून वाड्यांच्या आणि सरकारी इमारतींच्या नोंदी होतात, त्या व्हायलाच हव्यात. परंतु टिमकी आणि गोळीबार चौकातील ज्या वृद्ध स्त्रियांना पाजणीही येत होती आणि पाट्यावरचे वाटणही, त्यांच्याकडून दोन्हींची माहिती शब्दांत आणि चित्रफितीत टिपून ठेवण्याचे काम आता लांबणीवर टाकता येणार नाही. अजब बंगल्यात, १८६३ साली स्थापन झालेल्या त्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक खड्डा माग आणि त्याच्या शेजारी विणकराच्या घरातील पाटा-वरवंटा, मडके आणि मसाल्याचे जिन्नस एकत्र मांडण्यास फार मोठा खर्च येणार नाही, आणि शाळांच्या सहलींना तेथून टिमकीपर्यंत नेणेही कठीण नाही.